पात्राच्या मनातलं स्टेजवर कसं आनावं? मंडईसाठी नाटक लिहून राहिलो

धानबांधी

नमस्कार मंडळी. सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावातून लिहून राहिलो. भाऊबीजेनंतर आमच्या गावची मंडई, म्हनजे जत्रा राहते, दरसाल वडशाची नाटक कंपनी आनतो, यंदा गावातल्याच पोट्ट्यायचं नाटक बसवाचं ठरलं अन् लिहाचं काम माह्याकडे आलं. दोन अंक झाले, तिसऱ्यात अडकलो, अन् अडकलो ते एकाच गोष्टीत, म्हनून विचारतो.

गोष्ट अशी आहे. दौलत म्हनून पन्नाशीचा मानूस, तोंडानं कमी. बाप गेल्यावर वारसायची नावं सातबाऱ्यावर चढवाची आहेत म्हनून बहिनीले तालुक्याले नेते, ती न वाचता सह्या करते, अन् त्यातला एक कागद हक्कसोडचा, म्हनजे आपला वाटा सोडल्याचा राहते. पुढं नहरात जमीन जाते, मोबदला येते, सगळा याच्या खात्यात. घर बांधते, पोराचं लग्न करते. बहीन सुमन काही विचारत नाई, तिले माहीतच नाई. आता ती भाऊबीजेले माहेरी आली आहे, चार दिवस राहनार. याले सांगाचं आहे. चारही दिवस तो सांगत नाई. एवढंच नाटक आहे, बाकी मारामारी वगैरे काही नाई, एक कॉमेडीचा ट्रॅक तेवढा ठेवला कारन त्याशिवाय आमच्याकडे रात्र निघत नाई.

आता अडचन. दौलत बोलतच नाई. 'हो', 'नाई', 'जेव तू', 'पोरं बरी आहेत ना', याच्या पलीकडे त्याचं बोलनं जात नाई, अन् तसंच पाहिजे, कारन आपल्या गावातले असे लोक असेच राहतात. पन त्याच्या आत जे चालू आहे ते लोकायले कळलं नाई तर ते म्हनतील हा ठोंब्या काऊन उभा आहे. कादंबरी असती तर लिहून टाकलं असतं की त्याच्या मनात असं असं आलं. स्टेजवर काय करावं?

तीन गोष्टी डोक्यात आहेत. एक, स्वगत. पोट्टे म्हनतात जुनं वाटते, बाजूले येऊन लोकायकडे पाहून बोलनं आता कोनी करत नाई. दोन, आवाज आधी रेकॉर्ड करून बॉक्सातून सोडाचा, तो नुसता चेहरा करून उभा राहील. तीन, त्याचं मन म्हनून दुसरा मानूस उभा कराचा, पांढऱ्या कपड्यातला.

हे सांगून ठेवतो की आपल्याकडचं नाटक रात्री दहाले लागते ते उजाडेपर्यंत चालते. लोक चादरी घेऊन येतात, मधात झोपतात, तिसऱ्या अंकात उठतात. जो तिसऱ्या अंकात उठला त्यालेही एका मिनिटात समजलं पाहिजे की आता हा तोंडानं बोलून राहिला की मनातून. अन् समोर बसलेल्या बायायमधल्या अर्ध्या बाया भाऊबीजेसाठी माहेरी आलेल्या राहतील. त्यायच्यासाठी मी हे लिहून राहिलो, दुसऱ्या कोनासाठी नाई. त्यायले दौलतच्या पोटातलं दिसलं पाहिजे, त्याचा राग पन आला पाहिजे अन् तो आपल्याच भावासारखा पन वाटला पाहिजे. अनुभव असनाऱ्यानं सांगजा.

खड्ड्यातला माईकवाला

भाऊ, मी नागपूर, भंडारा, गडचिरोली सगळीकडे साउंड केला आहे, नाटकाचापण आणि लग्नाचापण, तर आवाजापुरतं सांगतो, लेखनातलं मला विचारू नका.

रेकॉर्डिंग करू नका. कारण असं आहे की शहरातल्या थेटरात नट स्वतःच्या घशानं बोलतो आणि रेकॉर्डिंग स्पीकरातून येते, म्हणून फरक कळतो. आपल्या मंडपात नटाचा आवाजपण वर टांगलेल्या माईकमधून त्याच दोन बॉक्सातून येते. मग मनातला आवाजपण त्याच बॉक्सातून आला तर मागच्या माणसाला काय कळणार की हा कोणता. ओठ हलले की नाही हे पहिल्या चार रांगांना दिसते, त्याच्या मागं फक्त शर्टाचा रंग दिसते. फरक दाखवायसाठी मग ऑपरेटर काय करते, इको टाकते. आणि इको म्हणजे आपल्या लोकांच्या कानात देव किंवा भूत, दुसरं काही नाही. तुमचा दौलत तिसऱ्या अंकात झपाटलेला आहे असं समजून लोक बसतील. आणि मेलेल्या माणसाचा फोन आल्यासारखा तो आवाज गार येतो, नटानं त्या दिवशी सीन कसा केला याच्याशी त्याला घेणंदेणं नसते.

दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग थांबत नाही. पब्लिक हसलं, टाळी पडली, पोरगं रडलं, कोणी शिटी मारली, लाइट जाऊन जनरेटरवर यायला वेळ लागला, तर नट थांबते, पेन ड्राइव्ह थांबत नाही.

करायचंच असलं तर असं करा. आपल्याकडं प्रॉम्प्टर स्टेजच्या पुढं खाली खड्ड्यात बसते ना, तिथं त्याच्या बाजूला एक माणूस हँड माईक घेऊन बसवा, लाइव्ह. माईक ओठाला लावून, हळू आवाजात बोलायचं, ओरडायचं बिलकुल नाही. टांगलेला माईक आवाज लांबून घेते, त्यात पाय वाजलेले येतात, हवा येते, बाजूच्या तबल्याचा पण आवाज येते. हँड माईक जवळून घेते, श्वास ऐकू येते, प, फ म्हणताना आवाज फुटते. हा फरक हजार लोकांत शेवटच्या माणसालापण कळते, त्याला सांगावं लागत नाही की हे मनातलं आहे. इको शून्य ठेवा, त्या चॅनेलचा बास थोडा वाढवा. आणि दौलत करणाऱ्या पोट्ट्याच्या आवाजाशी जुळणारा माणूस शोधा, सख्खा भाऊ असला तर एकदम मस्त, घरातले आवाज जुळतात.

लाइट दर वेळी बदलू नका. डिमर एकच असते आणि तो कुलरच्या वायरीवर असते.

निवृत्त मास्तर

धानबांधी, तुमची गोष्ट वाचून मी दोनदा उठून फिरून आलो. चांगली आहे. आता थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या, बोटानं टाइप करतो.

आधी पोरांना सांगा की स्वगत जुनं आहे म्हणून टाकायचं नसतं. आपल्या नाट्यशास्त्रानं या गोष्टीचा इतका बारीक विचार केला आहे की आजही कामाला येतो. सगळ्यांना ऐकू जावं असं बोलणं ते प्रकाश. कोणालाच ऐकू जाऊ नये असं ते स्वगत. आणि मधले दोन आहेत, जनांतिक आणि अपवारित, म्हणजे स्टेजवरच्या एकाला ऐकवायचं आणि बाकीच्यांपासून लपवायचं. जनांतिकाला हाताची खूण ठरलेली होती, त्रिपताक, अनामिका वाकवून बाकीची बोटं उभी, तो हात असा मधे धरला की प्रेक्षकांनी समजायचं की पलीकडच्याला ऐकू जात नाही. अपवारिताला नट अंग वळवायचा. यातली माझ्या मते मोठी गोष्ट ही की खूण ठरलेली होती आणि प्रत्येक नाटकात तीच होती. हात मधे का आला असं कोणी विचारत नव्हतं.

तुम्हाला पण तेच करायचं आहे. कोणतीही पद्धत घ्या, पण तिचा कायदा पहिल्या अंकाच्या पहिल्या दहा मिनिटांत लावा आणि शेवटपर्यंत मोडू नका. तिसऱ्या अंकात अचानक मन बोलायला लागलं तर ते लेखकाला सुचलं नाही म्हणून आणलेलं वाटतं. तिसऱ्या अंकात उठणाऱ्यासाठी तर खूण जास्तच ठाम पाहिजे. एखादी कृती धरा. दौलत उपरणं खांद्यावरून काढून हातात घेतो, मन बोलतं. परत खांद्यावर टाकतो, मन बंद. बास. ते मागच्या रांगेतूनही दिसतं.

दुसरा माणूस उभा करायचा विचार वाईट नाही, तो अनेकांनी केला आहे. आयर्लंडच्या ब्रायन फ्रीलचं १९६४ सालचं एक नाटक आहे, 'फिलाडेल्फिया, हिअर आय कम!' गावातला पोरगा दुसऱ्या दिवशी अमेरिकेला जाणार, बापाशी त्याचं बोलणं होत नाही, बाप पण बोलत नाही. त्या पोराचे दोन नट आहेत, एक लोकांना दिसणारा आणि एक आतला. आतला कोणालाच दिसत नाही, आणि दिसणारा त्याच्याशी कधी बोलला तरी त्याच्याकडे पाहत नाही. पाहायचंच नाही, हा नियम. मी म्हणेन तुम्हाला यातलं हेच घ्यायचं आहे. दौलतनं मनाकडे वळून पाहिलं की ती दोन माणसं झाली आणि मग त्यांच्यात वाद सुरू होतो, प्रेक्षकांना जुळ्या भावांची गोष्ट वाटायला लागते. आणि पांढरे कपडे नकोत, आपल्याकडे पांढऱ्या कपड्यात बाप मेलेला येतो. दोघांना सारखेच कपडे द्या, एकाच ताग्यातले.

आता खरं मला जे सांगायचं आहे ते. पद्धत कोणती हा दुसरा प्रश्न आहे, मन काय बोलतं हा पहिला. मी गावोगावच्या नाटकांत, राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांतसुद्धा पाहिलं आहे की मनाचा आवाज आला की तो माहिती द्यायला लागतो. 'अरेरे, मी माझ्या बहिणीला फसवलं, तिच्या वाट्याचे पैसे घेतले, आता मी तिला कसं सांगू.' असं कोणाचं मन बोलत नाही. मनाला हे सगळं माहीतच असतं, ते स्वतःला कशाला सांगेल. मन वकिली करतं. बहीण जेवायला वाढते तेव्हा दौलतचं मन म्हणेल, हिच्या लग्नात बापानं दोन बैलं विकली होती ते कोणी मोजलं का. मन हिशोब मांडेल, दवाखाना मीच केला, तेरवी मीच केली. मग एकदम काही भलतंच आठवेल, लहानपणी ती याच्यासाठी शाळेतून अर्धी भाकर राखून आणायची ते. तिथं मन गप. आणि तोंडानं तो म्हणतो, 'भात घे अजून.'

म्हणजे तोंड एक बोलतं आणि मन त्याच्या उलटं ओढतं, तेव्हाच मनाला माईक द्या. दोघं एकच बोलत असतील तर मनाची ओळ खोडून टाका.

आणि कंजुषी करा. युजीन ओनीलच्या 'स्ट्रेंज इंटरल्यूड'मध्ये, १९२८ सालचं, सगळीच पात्रं मनातलं मोठ्यानं बोलतात आणि तेवढ्या वेळ बाकीची थिजून उभी राहतात. नऊ अंकांचं नाटक, मधे जेवणाची सुट्टी द्यायचे. तो मोठा माणूस, त्यानं निभावलं. आपल्याला एकाच पात्राचं मन पुरे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बेणारे या शिक्षिकेला खेळ म्हणून मांडलेल्या खटल्यात घेरत जातात आणि ती जे बोलते ते शेवटी, बाकी सगळे थिजलेले असताना बोलते, ते त्या लोकांना ऐकूच जात नाही, फक्त आपल्याला जातं. इतका वेळ दाबून धरलं म्हणून ते तसं लागतं.

जात्यावरची

मास्तर म्हणतात एकाच पात्राचं मन पुरे, तर मग ते दौलतचंच काऊन? मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे, गावच्या नाटकात काम करते, अन् मले सगळ्यात पहिले हेच वाटलं. ज्यानं सही घेतली त्याच्या मनाले माईक, साऊंड, दुसरा नट, सगळं. जिची सही गेली तिले काय, तर तिले माहीतच नाई. म्हणजे ती बिचारी चार दिवस नुसती वाढत फिरणार.

धानबांधी दादा, तुमी म्हणता बाया समोर बसतील त्यायच्यासाठी लिहून राहिलो. मंग त्या बाया कोणाकडं पाहतील? सुमनकडंच पाहतील. अन् मले सांगा आजकाल सातबारा मोबाईलवर दिसते, गट नंबर टाकला की नावं येतात. तिच्या पोरानं पाहिलं नसंल का? पोट्टे दिवसभर मोबाईलवर राहतात. मले तं वाटते सुमनले माहीत आहे. ती माहीत असून आली आहे. चार दिवस ती वाट पाहून राहिली की भाऊ स्वतःच्या तोंडानं सांगते का. दौलत समजते हिले काही माहीत नाई. असं केलं तर तुमच्या प्रत्येक 'भात घे अजून'ले दुसरा अर्थ येते पाहा, ती 'नको दादा, झालं माझं' म्हणंल तेव्हा मंडपातल्या बायायचं काय होईल.

आता हे लोकायले कळवाचं कसं तं त्याले आपल्याकडं जुनी वाट आहे. बाईनं मनातलं सासूपुढं, भावापुढं कधी बोललं नाई, जात्यावर बोलली. माझी आजी दळताना जे म्हणायची ते एरवी कोणाले म्हणायची हिंमत नव्हती तिची, अन् ओवीत म्हटलं की कोणी राग धरत नव्हतं, सासूही बाजूले बसून ऐकायची. ओवी म्हणजे तिथं सगळ्यायसमोर बोललेलं मनातलं. कोणी पकडू शकत नाई. आता दळण चक्कीवर जाते पण लग्नात हळदीले जातं अजून मांडतात, गाणी म्हणतात, म्हणजे बायायले ती चाल ओळखीची आहे, सांगावं लागत नाई. तुमच्याकडं धान आहे तं सुमन सूप घेऊन पाखडत बसंल. पाखडता पाखडता म्हणंल. मी एक जोडली, आवडली तं घ्या,

बंधूच्या माह्या घरी, भाऊबीज आली आली
ताटातली ओवाळनी, सही कागदानं नेली

दौलत बाजूले खाटेवर बसून ऐकते. आता त्याले समजलं की नाई समजलं? ते लोकायवर सोडा. माईकवाल्या दादांच्या खड्ड्यातल्या माईकची इथं गरजच नाई.

तिसरी घंटा

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मला मनाचा आवाज हा प्रकारच पटत नाही. माणूस काय विचार करतो ते त्यानं काय केलं यातून दिसायला पाहिजे, नाहीतर नाटक कशाला, कथाकथन ठेवा. महेश एलकुंचवार आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त दारात एक ट्रॅक्टर गंजत उभा आहे. त्या घराच्या मनात काय आहे ते त्या ट्रॅक्टरकडे पाहून कळतं, कोणी समोर येऊन सांगत नाही. तसं तुमच्या दौलतच्या घरात काय आहे? मोबदल्यातून काय घेतलं त्यानं? नवीन घर आहे म्हणता, तर बहिणीला तो नवीन खोलीत झोपू देतो का जुन्या ओसरीत? ती टाइल्सवर पाय ठेवते तेव्हा तो कुठं पाहतो? तो तिला बँकेचं पासबुक ठेवलेल्या कपाटाजवळ जाऊ देत नाही, असं दोनदा दिसलं तर मनाच्या आवाजाची एक ओळ पण लागणार नाही.

अगदीच बोलायला पाहिजे असेल तर गोठा द्या. बैलाशी बोलताना आपल्याकडचा माणूस खोटं बोलत नाही. ते वेडेपणाचं पण वाटत नाही, सगळेच बोलतात.

खड्ड्यातला माईकवाला

तिसरी घंटा भाऊ, कपाटाजवळ जाऊ देत नाही हे नागपुरात तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये दिसेल. मंडपात दीड हजार लोक खाली सतरंजीवर, मधे चहावाला, फुटाणेवाला, बाहेर पाळणा फिरून राहिला त्याचा भोंगा. तिथं तुमचं कपाट पडद्यावर रंगवलेलं राहील. शांतता बारीक असली की पब्लिक समजते नट डायलॉग विसरला आणि प्रॉम्प्टरला आवाज देते, 'सांग ना बे त्याले'. हे मी अनेक जागी ऐकलं आहे.

टाइल्सचा मुद्दा मात्र मस्त आहे. तो दिसेल.

निवृत्त मास्तर

ताईंचं म्हणणं मला मान्य आहे आणि त्यानं नाटक बदलतं, साधा बदल नाही हा. आता प्रेक्षकांना दोघांचंही मन माहीत, आणि एकमेकांना एकमेकांचं नाही. पण मग हे दोन आवाज दोन वेगळ्या मार्गानं आले पाहिजेत. सुमनचं मन गाण्यातून, म्हणजे उघड, सगळ्यांच्या देखत. दौलतचं मन चोरून, खड्ड्यातल्या माईकमधून. जिनं चोरी केली नाही तिला लपवायची गरज नाही आणि ज्यानं केली त्याला आहे, हे पद्धतीतूनच समजतं, संवादात लिहायची गरज नाही. दोघांनाही स्वगत दिलं तर हे जाईल.

तिसरी घंटा, तुमचा बैलाचा मुद्दा घ्यावा असं मी पण म्हणतो, पण एकदाच, आणि तिथं खड्ड्यातला माईक बंद. दौलत पहिल्यांदा आपल्या घशातून खरं बोलतो ते बैलापाशी. पोळ्याला आपण झडत्या म्हणतो, 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव', त्यात लोक पाटलाला, सावकाराला, सरकारला मोठ्यानं बोलून घेतात आणि बैलाचा सण म्हणून ते खपतं. त्याच्या तोंडी झडतीची चाल आली तर तो स्वतःवरच झडती म्हणतो आहे असं होईल. अर्धी म्हणून थांबवा.

धानबांधी

सगळ्यायले नमस्कार. रात्रभर झोप नाई आली, ताई तुमी जे सांगितलं की तिले माहीत आहे, ते वाचून उठलो अन् पुन्हा लिहाले बसलो. सुमन आता वेगळीच बाई झाली. मास्तर, उपरण्याची खून घेतली. पहिल्या अंकात बाजारातून येताना एका हसऱ्या गोष्टीत लावून टाकतो, पाव्हना आला अन् दौलत तोंडानं 'या या बसा' म्हनते अन् मन म्हनते 'आता साखर कोठून आनू', म्हनजे लोक हसतील अन् कायदा समजंल.

दुसऱ्या दिवशीचं जेवनाचं असं लिहिलं, पाहाजा.

सुमन : दादा, घर चांगलं बांधलं गा.
दौलत : हो.
(उपरणं हातात)
मन : आता विचारंल. पैसे कोठून आले विचारंल. सांगाचं, सोसायटीचं कर्ज. पोराच्या नोकरीचं. काहीही सांगाचं.
सुमन : बाबाले पाहाले पाहिजे होतं.
मन : बाबाचं नाव काऊन काढलं हिनं. बाबाच्या दवाखान्यात कोन होतं? मी होतो. रात्री कोन बसलं? मी बसलो. ही आली तेव्हा चंद्रपूरले बाबा बोलत पन नव्हता.
सुमन : थंडी वाजते का रे या फरशीवर? माहे तं पाय गार पडले.
(दौलत उठून आपली चप्पल तिच्यापुढं सरकवतो. उपरणं खांद्यावर.)
दौलत : घाल.

इथं मनाले एक ओळ होती, चप्पल देताना. काढून टाकली, मास्तर म्हनले तसं. त्याच्या हातानं जे केलं तेच बस झालं.

ओवी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकली. अन् गोठ्याचा सीन चौथ्या पहाटे, खड्ड्यातला माईक बंद. ताई, शेवट असा ठेवला की सुमन निघताना स्वतःच पिशवीतून त्या कागदाची झेरॉक्स काढते, काही बोलत नाई, दौलतच्या हातात देते अन् म्हनते 'पुढच्या भाऊबीजेले येईन, तेव्हा बोलू.' हे ऐकून तो तिथंच सांगते. तिथं त्याचं मन अन् तोंड पहिल्यांदा एकच बोलतात, खड्ड्यातला मानूस अन् दौलत दोघं संगच, एकच वाक्य, 'सुमे, तुह्या वाट्याचं मी खाल्लं.' म्हनजे मास्तरांचा नियम इथं मुद्दाम मोडतो. चालंल का?

निवृत्त मास्तर

चालेल. पूर्ण नाटकभर पाळला असेल तरच चालेल. एकत्र बोलण्याची तालीम मात्र खूप करून घ्या, एक शब्द मागेपुढे झाला तर मागच्या रांगेला मशीन बिघडलं असंच वाटणार.

जात्यावरची

'तेव्हा बोलू' म्हणते अन् मंग तो सांगते, हे चांगलं केलं दादा. तिनं रडू नये एवढं पाहा. आमच्या इकडं नाटकात बहीण आली की दिग्दर्शक पहिले म्हणते रड. सुमनले नका रडवू. तिनं ऐकून घ्याव अन् पिशवी उचलाव. पैशाचं काय होते ते पण सांगा कुठं तरी, नाईतर बाया घरी जाऊन म्हणतील माफी मागितली म्हणजे झालं. एका वाक्यात सांगा, तो म्हणंल 'सोमवारी तालुक्याले जाऊ'. माहेर पन राहिलं पाहिजे अन् हिस्सा पन भेटला पाहिजे, दोन्ही तिचंच आहे.

धानबांधी

'सोमवारी तालुक्याले जाऊ' घेतलं ताई, जसंच्या तसं.

खड्ड्यातला माईकवाला

एकत्र बोलायच्या वाक्याला टांगलेले माईक थोडे खाली, नटाच्या जवळ उतरवा आणि हँड माईकचा आवाज अर्धा करा, नाहीतर खड्ड्यातला आवाज दौलतला खाऊन टाकेल. दोघांनी एकमेकाकडं पाहायचं नाही म्हणून सुरुवात कशी पकडणार ते ठरवा, तबल्याची एक थाप घ्या, तिच्यावर दोघं उचलतील.

आणि सूप टांगलेल्या माईकच्या खाली बसून पाखडू नका, तांदळाची खरखर ओवीच्या वर जाईल. सूप डाव्या बाजूला, माईकपासून तीन-चार हात लांब, आणि सुपात धान थोडंच घ्या. मंडईची तारीख कळवा, माझ्याकडं एक चांगला हँड माईक आहे, तो घेऊन येतो.